तीनशे किलोमीटरला सव्वा तास का?

दोन प्रादेशिक विमानतळांमध्ये ३०० किलोमीटरचे हवाई अंतर आहे असे धरू. एटीआर ७२ सारखे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटरने उडते. भागाकार केला तर उत्तर येते ३६ मिनिटे, पण वेळापत्रकात तास-सव्वा तास लिहिलेला सापडतो. हे दोन आकडे शेजारी छापले जातात खरे, पण त्यांचे कूळ एक नाही.

अंतराचा आकडा विमानांहून कितीतरी जुना, दर्यावर्दींचा. होकायंत्रावर एकच दिशा धरून कापलेली वाट ही गोलावरची सर्वांत जवळची वाट नसते, हे पोर्तुगीज गणिती पेद्रो नुनेश याने १५३७ मध्ये मांडले. जवळची वाट बृहद्वृत्तावरून, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रावरच असते अशा सर्वांत मोठ्या वर्तुळावरून जाते. १५६९ च्या मर्केटरच्या नकाशावर मात्र होकायंत्राची वाट सरळ रेषेत उमटते आणि जवळची वाट बहुधा कमानीसारखी. लांबचे विमान वळसा घेते असे वाटते ते या नकाशामुळेच.

अक्षांश-रेखांशांवरून हे अंतर काढण्याचे सूत्र होतेच, पण ठिकाणे जवळजवळ असली की अडचण यायची. जवळच्या ठिकाणांचा पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन लहान असतो, आणि लहान कोनाची कोसाइन किंमत १ च्या इतकी जवळ असते की छापील कोष्टकातल्या चार-पाच दशांश स्थळांत फरकच दिसत नाही. ‘हॅवरसाइन’ची (१ मधून कोसाइन वजा करून उरलेल्याच्या निम्म्याची) कोष्टके इथे कामी आली, हा शब्द जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये रूढ केला. आज अंतर सांगणाऱ्या अनेक संगणक प्रणालींत तेच सूत्र आहे. पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने त्यात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते, म्हणजे आपल्या ३०० किलोमीटरमागे दीड किलोमीटर. वैमानिक मात्र याला १६२ सागरी मैल म्हणेल. अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक सागरी मैल. १९२९ मध्ये मोनॅको येथील परिषदेत तो १,८५२ मीटर ठरला.

वेळेचा इतिहास असा नीटस नाही. १ जानेवारी १९१४ रोजी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्ग ते टँपा ही पहिली नियमित विमानसेवा सुरू झाली. पहिले उड्डाण २३ मिनिटांचे होते, आणि ती खरोखर हवेतली मिनिटे होती. पुढे वेळापत्रकात ‘ब्लॉक टाइम’ आला. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान हलले की घड्याळ सुरू, मुक्कामी ठोकळे लागले की बंद. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या, सगळे त्यात आले. लांबच्या प्रवासात ही मिनिटे विरघळून जातात, तासाभराच्या फेरीत मात्र तीच जवळपास निम्मी भरतात. शिवाय विमाने सरळ रेषेत जातातच असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हवाई मार्ग जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून जोडत नेलेले होते. उपग्रहांनी बरेच कोपरे घासले, सगळे नाहीत.

वाऱ्याचा हिशेब तर रोजचा. ताशी ८० किलोमीटरचा वारा समोरून आला तर ३६ ची ४३ मिनिटे होतात, पाठीशी असला तर ३१. म्हणूनच एकाच जोडमार्गावर जाण्याची आणि येण्याची छापील वेळ अनेकदा जुळत नाही.

त्यात वक्तशीरपणाची मोजणी आली. अमेरिकेने १९८७ मध्ये मोठ्या विमान कंपन्यांना वेळेचे आकडे कळवणे बंधनकारक केले. तिथे १५ मिनिटांपेक्षा कमी उशीर ‘वेळेवर’ धरला जातो. मग वेळापत्रकातच चार मिनिटे जास्त लिहून ठेवणे सोयीचे ठरले. प्रवासी ‘लवकर पोहोचलो’ म्हणून खूश होतो तो पुष्कळदा याच जादा मिनिटांवर.