सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉल: जिवाणू कोणतं टोक पकडतो?

बिनसाखरेच्या च्युइंगमच्या वेष्टनावर आयएनएस (खाद्यपदार्थांत मिसळायच्या घटकांचा क्रमांक) ४२० दिसलं तर ते सॉर्बिटॉल, ४२१ दिसलं तर मॅनिटॉल. दोन्ही शर्करा-अल्कोहोल, दोन्ही गोड. रेणूत ६ कार्बन, १४ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन, हेही दोघांत सारखंच. फरक एवढाच की दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) एकात उजवीकडे असतो, तर दुसऱ्यात डावीकडे. तेवढ्यानंही गुण बदलतात: सॉर्बिटॉल हवेतला ओलावा ओढून घेतं म्हणून टूथपेस्टमध्ये घालतात, मॅनिटॉलची पूड कोरडी राहते म्हणून गोळ्यांमध्ये. मेंदूची सूज उतरवायला सलाइनसारखं शिरेतून देतात तेही मॅनिटॉलच.

ग्लुकोनोबॅक्टर नावाच्या जिवाणूला हा फरक बरोबर कळतो. सॉर्बिटॉल दिलं की तो सॉर्बोज ही साखर बनवतो, मॅनिटॉल दिलं की फ्रुक्टोज. १८९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ गाब्रिएल बेर्त्रां यांनी अशाच एका जिवाणूवर काम करताना यामागचा नियम हेरला, पुढे अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ हडसन यांनी तो पक्का केला. म्हणून त्याला बेर्त्रां-हडसन नियम म्हणतात.

नियम समजायला रेणू कागदावर उभा काढावा. सहा कार्बनांची साखळी, वर-खाली टोकं, मधल्या चार कार्बनांवर डावी-उजवीकडे हायड्रॉक्सिल गट. जिवाणू खालच्या टोकालगतचे दोन गट बघतो. दोन्ही उजवीकडे असले, तर त्यातला टोकाशेजारचा गट ऑक्सिडीकरणासाठी (हायड्रोजन काढून घेण्यासाठी) निवडतो आणि तिथे कीटोन, म्हणजे कार्बनला दुहेरी बंधानं जोडलेला ऑक्सिजन, तयार होतो.

सॉर्बिटॉलमध्ये वरून खाली क्रम आहे उजवा, डावा, उजवा, उजवा. खालची जोडी नियमात बसते. कागद उलटा फिरवून दुसरं टोक खाली आणलं की जोडी जुळत नाही. म्हणजे वरून पाचव्या कार्बनखेरीज पर्याय नाही, आणि उत्पादन एकच, एल-सॉर्बोज.

मॅनिटॉलचा क्रम डावा, डावा, उजवा, उजवा. इथे बरेच जण गोंधळतात. कागद फिरवला तर डावे-डावे खाली येऊन उजवे-उजवे होतात, मग दोन्ही टोकं पात्र, तर उत्पादनं दोन हवीत ना? नाही. फिरवलेलं चित्र पहिल्या चित्रासारखंच दिसतं, त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी हाती डी-फ्रुक्टोजच येतं. याच कुळातल्या डल्सिटॉलचा क्रम उजवा, डावा, डावा, उजवा. त्यात एकही टोक जुळत नाही, म्हणून जिवाणू त्याला हातच लावत नाही.

हे काम पेशीच्या आवरणात बसलेलं विकर (एन्झाइम) करतं. साखर आत न्यायची गरज नाही, इलेक्ट्रॉन थेट श्वसनसाखळीत (पेशीला ऊर्जा मिळवून देणाऱ्या विकरांच्या साखळीत) जातात आणि सॉर्बोज बाहेरच्या द्रावणात साठत जातं. कारखानदाराला आणखी काय हवं! १९३३-३४ मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञ टाडेउस रायखश्टाइन यांनी ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व बनवण्याची पद्धत काढली, तिच्यात सॉर्बिटॉलचं सॉर्बोज करण्याची पायरी त्यांनी जिवाणूवरच सोपवली. रसायनांनी हेच करायचं तर सहा हायड्रॉक्सिल गटांतून नेमका एक निवडणं फार जिकिरीचं. सुरुवातीला त्यांनी सॉर्बिटॉलच्या द्रावणाचे पेले उघड्यावर ठेवून फळमाश्यांबरोबर येणारा जिवाणू पकडला होता.

मात्र हा नियम सॉर्बिटॉलचा गुणधर्म नाही, त्या आवरणातल्या विकराची आवड आहे. आपल्या यकृतातलं विकर सॉर्बिटॉलचा नेमका दुसरा कार्बन पकडतं, आणि मग सॉर्बोज नव्हे, फ्रुक्टोज तयार होतं.