किनाऱ्यावरची रेडिओ कॉन्टेस्ट मोहीम

किनाऱ्यावरची रेडिओ कॉन्टेस्ट मोहीम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, ज्यांना सगळे हॅम म्हणतात त्यांची, एक टीम आपले सेट, वायरी, बांबू, जनरेटर असं सगळं गाडीत भरून उष्ण प्रदेशातल्या एखाद्या समुद्रकिनारी जाते, तिथे दोन दिवसांत तात्पुरतं स्टेशन उभं करते आणि ठरलेल्या शनिवार-रविवारी जगभरच्या स्टेशनांशी जमतील तेवढे संपर्क करते. स्पर्धा संपली की सगळं उतरवून परत. दुर्मिळ बेटावर नुसते संपर्क द्यायला गेलं तर त्याला डीएक्सपिडिशन म्हणतात, इथे मात्र घड्याळ लावून गुण मोजले जातात.

नाशिकहून किनारा तसा लांब नाही. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत घाट उतरलं की चार-पाच तासांत डहाणू-बोर्डी येतं. दापोली, गुहागर, मालवण म्हटलं तर दिवस जातो. पण तिकडे कशाला जायचं, घराच्या गच्चीवर अँटेना आहेच की, हा प्रश्न प्रत्येक नवीन माणूस विचारतो.

खाऱ्या पाण्याचं काम

उत्तर आहे खारं पाणी. उभी अँटेना जी लहर क्षितिजाच्या अगदी जवळून, पाच-दहा अंशांवर फेकते तिचं काय होणार हे समोरची जमीन ठरवते. साधी जमीन ती लहर बरीचशी गिळून टाकते. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला ५ सीमेन्सच्या आसपास आणि साध्या जमिनीची साधारण ०.००५, म्हणजे हजारपटीचा फरक, त्यामुळे पाण्यावरून ती लहर जवळजवळ जशीच्या तशी परावर्तित होऊन वर जाते. आणि ह्या कमी कोनाच्या लहरीच लांब जातात. आयनोस्फिअर म्हणजे लहरी परत खाली वळवणारा वातावरणाचा वरचा भाग, त्याचा एफ२ थर २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर असतो, त्याला तिरकी, जवळजवळ आडवी लहर लागली तर एका उडीत ४००० किलोमीटरपर्यंत पोचते. उंच कोनातून गेली तर उड्या वाढतात आणि प्रत्येक उडीला सिग्नल थोडा मरतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे म्हणून इथून जास्त लांब जाईल असंही काही जणांना वाटतं. व्हीएचएफवर, म्हणजे सरळ रेषेत जाणाऱ्या आखूड लहरींवर, उंचीचा फायदा होतो, नजरेच्या टप्प्यातलं सगळं मिळतं. एचएफवर, म्हणजे ह्या लांब उड्या मारणाऱ्या शॉर्टवेव्हवर, सपाट पठाराची उंची फारशी कामाला येत नाही, अँटेनासमोर काय पसरलंय ते बघायचं, आणि गच्चीसमोर पसरलेली असते ती शेजारच्यांची काँक्रीट आणि एलईडी दिव्यांची खरखर. उष्ण प्रदेशाचा वेगळा फायदा म्हणजे विषुववृत्ताजवळ आयनीकरण जास्त असतं, त्यामुळे १० आणि १५ मीटर लांबीच्या लहरींचे वरचे, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीचे, बँड जास्त वेळ उघडे राहतात. बदल्यात खालच्या बँडवर विजांचा कडकडाट ऐकत बसावं लागतं.

खाऱ्या पाण्याची ही गोष्ट जगासमोर ठसठशीत आली ती १९९० च्या दशकात, टीम व्हर्टिकल नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन टीमने जमैकाच्या किनाऱ्यावर मोठे टॉवर न लावता पाण्याच्या कडेला साध्या उभ्या अँटेना लावल्या आणि तिथून मोठमोठे स्कोर केले. उभी अँटेना फार महाग प्रकरण नाही. २० मीटर बँडसाठी लहरीच्या पाव लांबीची तार म्हणजे साधारण ५ मीटर, १५ ला साडेतीन, १० ला अडीच. ४० मीटर बँडला १० मीटर उंच काठी लागते, तिथपासून खरी मेहनत सुरू होते. काठीसाठी फायबरचा पोल मिळाला तर उत्तम, नाहीतर बांबू जोडून चालतं.

स्पर्धा आणि गुण

सगळ्यात मोठी स्पर्धा सीक्यू वर्ल्ड वाइड, १९४८ पासून चालू आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी आवाजाची म्हणजे एसएसबीची, नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सची. ४८ तास. आंतरराष्ट्रीय वेळ धरली जाते म्हणून आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर एवढेच बँड. प्रत्येक संपर्कात सिग्नलचा रिपोर्ट आणि आपला झोन सांगायचा. जग ४० झोनमध्ये वाटलेलं आहे, महाराष्ट्र २२ मध्ये येतो म्हणून आपण अठ्ठेचाळीस तास "फाइव्ह नाइन टू टू" म्हणत राहतो.

दुसऱ्या खंडातल्या स्टेशनला ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला १, स्वतःच्या देशाला शून्य. मग प्रत्येक बँडवर मिळालेले झोन आणि देश मोजून त्यांची बेरीज करायची आणि तिने सगळ्या गुणांना गुणायचं. समजा युरोप-अमेरिकेचे २००० संपर्क झाले तर ६००० गुण, आणि सगळ्या बँडचे मिळून १०० झोन आणि ३०० देश असले तर ६००० गुणिले ४००, म्हणजे २४ लाख. एक नवीन देश सापडला की एका झटक्यात ६००० वाढतात, म्हणून टीममध्ये एक जण फक्त नवीन देश शोधत बँडभर फिरत असतो आणि ते काम ज्याचा कान चांगला त्यालाच द्यावं.

ह्या हिशेबात आपला कोकणकिनारा फार योग्य जागी आहे आणि हे आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं. युरोप आपल्याला वायव्येला पडतो, तिकडे तोंड करून उभं राहिलं तर समोर पाणी आणि पाठीमागे सह्याद्री. ३ गुणवाली दिशा पाण्याकडे, १ गुणवाली जपानची दिशा डोंगराकडे. पूर्व किनाऱ्यावर बरोब्बर उलटं होईल. फक्त दुर्मिळपणा मिळत नाही, कोकणातून बोललं तरी आपण साधे भारतातलेच, कॉलसाइन म्हणजे स्टेशनची ओळख व्हीयू२ किंवा व्हीयू३ नेच सुरू होणार. ज्यांना गर्दी खेचायचीय ते लक्षद्वीपला व्हीयू७ किंवा अंदमानला व्हीयू४ म्हणून जायचं स्वप्न बघतात, नाहीतर श्रीलंका, मालदीव.

उभारणी

सेट १०० वॅटचा असला तरी बोलताना १३.८ व्होल्टवर साधारण २० अँपिअर खेचतो, म्हणजे दोन स्टेशनला वीज चांगली लागते आणि किनाऱ्यावरच्या गावात व्होल्टेज संध्याकाळी खाली येतं. जनरेटर लागतोच. दोन स्टेशन शेजारी लावली की दुसरी डोकेदुखी. ७.१ मेगाहर्ट्झची दुप्पट १४.२ आणि तिप्पट २१.३, म्हणजे ४० मीटरवाला बोलायला लागला की २० आणि १५ मीटरवाल्याच्या कानात भोंगा वाजतो. त्यासाठी प्रत्येक सेटला आपला बँड सोडून बाकीचं अडवणारे बँडपास फिल्टर लावायचे आणि अँटेना एकमेकांपासून जमेल तेवढ्या लांब ठेवायच्या. फिल्टर नसतील तर मल्टी-टू, म्हणजे एकाच वेळी दोन बँडवरून दोन सिग्नल, ह्या गटाच्या नादी लागू नये.

नाशिकवाल्यांना एक गोष्ट जन्मतः येते ती म्हणजे ताण देणं. द्राक्षाचा मांडव ज्याने उभा केलाय त्याला काठीला ताण कुठल्या कोनात द्यायचा, खुंटी किती तिरकी ठोकायची हे शिकवावं लागत नाही. फक्त मांडवाची तार इथे वापरायची नाही, अँटेनाजवळ लोखंडी तार आली की ती स्वतःच अँटेनासारखी वागायला लागते, इथे नायलॉनची दोरीच पाहिजे. आणि वाळूत खुंटी धरत नाही. गोणीत वाळू भरून, तिला दोरी बांधून ती गोणी हातभर खोल पुरली की मग काठी हलत नाही. पंचाईत अशी की ऑक्टोबर छाटणी आणि कॉन्टेस्ट बरेचदा एकाच वेळी येतात, कधी दिवाळीही, त्यामुळे बागायतदार गडी टीममध्ये असेल तर त्याचे दिवस आधीच विचारून घ्यावेत.

भरती-ओहोटी हा तर वेगळाच विषय. कोकणात कोणीही सांगेल, तिथीची पाऊणपट करा म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, पौर्णिमेला अकरा-साडेअकराच्या पुढे. आम्ही एकदा पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी सहाला, ओहोटीच्या ओल्या वाळूवर ४० मीटर बँडची काठी उभी केली, एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा आकडा, एकला टेकलेला, सगळे खूश. रात्री साडेदहाला काटा हळूहळू वर चढायला लागला. आधी वाटलं कनेक्टर सैल झाला असेल, टॉर्च घेऊन गेलो तर काठीच्या बुडाशी गुडघाभर पाणी आणि केबल आणि अँटेना जुळवणारा मॅचिंगचा डबा लाटेत अर्धा बुडालेला. एकाने काठी धरली, दुसऱ्याने डबा सोडवून बांबूला छातीएवढ्या उंचीवर बांधला, रेडिअल, म्हणजे काठीच्या बुडाशी पसरलेल्या वायरी, पाण्यातून उचलून दोऱ्यांनी ताणले. वीस मिनिटं गेली, ती पण युरोप सगळ्यात जोरात येत असताना. तेव्हापासून भरतीची रेषा कोळीवाड्यात विचारून घ्यायची आणि तिच्या वरच काठी रोवायची हा नियम.

पाळी आणि पाइल-अप

टीम सहा ते आठ जणांची असेल तर बरं, त्यातले दोन तरी असे पाहिजेत की जे बोलणार नाहीत पण जेवण, पेट्रोल, दोऱ्या बघतील. पाळी तीन-चार तासांची ठेवावी. सकाळी १५ आणि १० मीटरवर जपान आणि पॅसिफिक, दुपारपासून युरोप, सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत संध्याकाळी १० मीटरवर अमेरिका, अंधार पडला की ४० मीटर. पहाटे आणि तिन्हीसांजेला, उजेड-अंधाराच्या सीमेवर, ८० आणि १६० मीटर थोडा वेळ जिवंत होतात, तेवढ्या वेळात जो बसलेला असतो त्याला चहासुद्धा विचारू नये.

पाइल-अप म्हणजे एकाच वेळी चाळीस-पन्नास जण आपापला कॉलसाइन ओरडतायत, त्यातून दोन अक्षरं कानाने पकडायची. "ओएच टू?" म्हटलं की फिनलंडवाला सोडून बाकीच्यांनी गप्प बसायचं, तो पूर्ण कॉलसाइन देतो, "फाइव्ह नाइन टू टू", "फाइव्ह नाइन वन फाइव्ह, थँक्यू", झालं, पुढचा. चांगला ऑपरेटर तासाला शंभर ते दोनशे असे करतो. बोटं कॉम्प्युटरवर लॉग टाइप करत असतात, कान पुढच्या आवाजावर. कॉलसाइन चुकीचा लिहिला तर तपासणीत ते गुण जातात वर दंडही बसतो, म्हणून शंका आली की परत विचारावं, वेग थोडा कमी झाला तरी चालेल.

परवानगी आणि किनाऱ्याची काळजी

परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून परीक्षा देऊन मिळतो, बारा वर्षं पूर्ण झालेलं मूलही बसू शकतं. पण परवान्यावरचा पत्ता सोडून दुसरीकडे स्टेशन लावायचं तर आधी कागदपत्रं करावी लागतात, लक्षद्वीपला तर प्रवेशासाठीच परमिट लागतं. किनाऱ्यावर वायरी आणि काठ्या दिसल्या की लोक चौकशी करणारच, म्हणून जवळच्या पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत आधी जाऊन सांगावं, परवान्याची प्रत हातात ठेवावी. परतीच्या पावसाचे ढग आले तर अँटेना सेटपासून काढून बाजूला ठेवायच्या, ह्यात गुणांचा विचार करायचा नाही.

वेळास, आंजर्ले, गुहागर ह्या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात. मोर्सवाली स्पर्धा नेमकी तेव्हा सुरू होते. वाळूवर पसरलेले रेडिअल आणि रात्रभर जळणारे दिवे कासवाला अडवतात, त्यामुळे त्या महिन्यात त्या किनाऱ्यांवर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, खडकाळ टोक शोधावं.

अशा टीमचा उपयोग स्पर्धेपुरता नसतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, ह्यांच्या नेतृत्वाखालची टीम पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय ह्या कॉलसाइनवर बोलत होती. २६ तारखेला भूकंप आणि त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि त्याच टीमने तेच सेट वापरून अंदमान-निकोबारचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवायला सुरुवात केली. जगातल्या गर्दीतून एक आवाज उचलण्याचा सराव आदल्या दिवसापर्यंत चालूच होता.

परतल्यावर

सोमवारी साडेपाचला शेवटचा संपर्क होतो आणि उजाडताना काठ्या उतरवायला घ्यायच्या. लॉग पाच दिवसांत पाठवावा लागतो, तो घाट चढायच्या आधीच पेनड्राइव्हवर दोन ठिकाणी घ्यावा. घरी आल्यावर दोऱ्या, रेडिअल, कनेक्टर सगळं गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायचं, केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर उघडून आत हिरवट दिसलं तर तो सरळ कापून टाकायचा. मग क्यूएसएल कार्डं, म्हणजे संपर्क झाल्याच्या पावत्या, यायला लागतात, कधी वर्षभर येत राहतात, आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं असतं.