ट्रेलर घरी लावताना आधी अर्थिंग तपासून घ्या

कॅम्पिंग ट्रेलर वर्षातले थोडेच दिवस सहलीला जातो. बाकीचा काळ तो तुमच्या अंगणात, शेतघराच्या मांडवाखाली किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा असतो. बॅटरी चार्ज करायची असते, निघायच्या आदल्या रात्री फ्रिज थंड करून ठेवायचा असतो, पाहुणे आले की त्यांना आत एसी लावून झोपवायचं असतं. मग घराच्या बोर्डावरून केबल ओढली जाते. आमच्या ट्रेलरमधली वायरिंग आम्ही तपासून देतो, पण तुमच्या घराची आमच्या हातात नसते. म्हणून हे पत्रक.

टायरांवर उभा असलेला पत्रा

घर जमिनीवर उभं असतं, ट्रेलर रबरी टायरांवर. आत कुठे फेजची वायर घासून पत्र्याला लागली, तर करंटला जमिनीत उतरायला वाट नसते. सगळी बॉडी २३० व्होल्टवर येते आणि दिसायला काहीच दिसत नाही. आत बसलेल्यालाही सहसा काही जाणवत नाही, कारण त्याच्याभोवतीचं सगळंच त्या व्होल्टेजवर असतं. घात होतो तो चढता-उतरताना, एक पाय ओल्या मातीत आणि हात दाराच्या कडीवर असताना. जॅक टेकवले आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. त्यांच्याखाली बहुधा लाकडी फळी किंवा रबर असतं. करंटला खात्रीची वाट देते ती केबलमधली तिसरी, हिरवी वायर, आणि तीसुद्धा पुढे घराच्या अर्थिंगला नीट पोहोचली असेल तरच.

पावसाळ्यात कोकणातल्या एका ग्राहकांचा फोन आला होता. मुलं अनवाणी दाराला हात लावतात तेव्हा झिणझिण्या येतात, पण बोर्डावरचं काहीच पडत (आपोआप बंद होत) नाही. त्यांच्या ओसरीवरच्या सॉकेटला वरचं मोठं भोक होतं, मात्र त्यामागे वायरच जोडलेली नव्हती. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट नेहमीच बॉडीकडे झिरपतो. अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो, नसेल तर माणसाच्या अंगातून जातो. तो ३० मिलिअँपिअरपेक्षा खूप कमी असल्यामुळे आरसीसीबी, म्हणजे तेवढा करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच, पडत नाही. झिणझिण्या आल्या तर चप्पल घालून वेळ मारून नेऊ नका. ट्रेलरला हात न लावता घरातला मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

एमसीबी आहे की, मग भीती कसली?

हा प्रश्न आम्हाला बऱ्याचदा विचारला जातो. एमसीबी म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच. समजा, घराच्या अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला आणि त्याचा रोध २० ओहमवर गेला. फेज पत्र्याला लागली तरी २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअरच वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी त्याला साधा लोड समजते आणि जागची हलत नाही. पत्र्यात वीज तशीच राहते. माणसाला वाचवायचं तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीच हवी. ती ट्रेलरमध्ये आम्ही बसवतो, पण केबल स्वतःच दुखावली तर ट्रेलरमधल्या आरसीसीबीला ते कळत नाही. म्हणून घराच्या बोर्डावरही एक बसवून घ्या.

तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. बटण दाबल्यावर ती पडली म्हणजे ती स्वतः चालू आहे, एवढंच सिद्ध होतं. अर्थिंगबद्दल त्यातून काहीही कळत नाही. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून पाहणंही पुरेसं नाही. शंभर वॅटच्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही, त्यामुळे तो कमकुवत अर्थिंगवरही झकास पेटतो. परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थ टेस्टरनेच मोजून घ्या.

एक प्रकार मात्र कुठेही दिसला तर लगेच थांबवा. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून टाकतात. त्यामुळे आरसीसीबी सारखी पडते, म्हणून मग आरसीसीबीच काढून टाकतात. अशा बोर्डाची न्यूट्रल कधी सुटली की पूर्ण फेज ट्रेलरच्या पत्र्यावर येते.

केबल आणि पॉइंट

१६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच वापरा. मोठा पिनटॉप (प्लग) छोट्या सॉकेटमध्ये बसवणारे कन्व्हर्टर बाजारात मिळतात, ते नकोत. केबल तांब्याची, तीन कोअरची (आत तीन वायरी असलेली), अडीच चौरस मिलिमीटरची असावी. हा हट्ट का, ते सांगतो. पाऊण चौरस मिलिमीटरची ३० मीटर केबल १० अँपिअरला दीडशे वॅटहून जास्त उष्णता स्वतःतच जिरवते. अडीचची पन्नासपेक्षाही कमी. तीच बारीक केबल रिळावर गुंडाळलेली राहिली तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळतं. म्हणून कोणतीही केबल पूर्ण उलगडूनच वापरा. मध्ये जोड नको, टेप गुंडाळलेला तर नकोच. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा असेल तर उंदरांनी कुरतडलंय का, तेही पाहा.

आधी ट्रेलरचा मेन बंद करा, मग केबल ट्रेलरला लावा, शेवटी घराच्या पॉइंटला लावून स्विच चालू करा. काढताना उलट क्रमाने. दोन्ही टोकांना पिनटॉप असलेली केबल कुणी करून दिली तर घेऊ नका. तिचं एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या पितळी पिना उघड्या आणि जिवंत असतात. वीज गेल्यावर अशा केबलने ट्रेलरच्या इन्व्हर्टरवरून घर चालवलं, तर तीच वीज उलटी लाइनवर जाऊ शकते, आणि खांबावर महावितरणचा माणूस काम करत असतो.

एसी, गिझर आणि इंडक्शन एकत्र लावू नका. ३ किलोवॅटचा गिझर एकटाच १३ अँपिअर घेतो.

ट्रेलर पोहोचवायला येताना आमचा माणूस अर्थ टेस्टर घेऊन येतो आणि तुमचा पॉइंट मोजून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. त्या दिवशी मीटरच्या खोलीची किल्ली तेवढी हाताशी ठेवा, आणि अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे घरातल्या जुन्या माणसांना आधी विचारून ठेवा.