एल आल्तो: वस्तीच्या हजेरीपटातून उभे राहिलेले राजकारण

बोलिव्हियाचा राज्यकारभार जिथून चालतो ते ला पाझ डोंगरांमधल्या खोलगट वाटीत आहे, साधारण ३,६०० मीटर उंचीवर. वाटीच्या काठावर, ४,००० मीटरच्याही वर, एल आल्तो हे शहर. विमानतळ इथेच, आणि पठारावरून ला पाझमध्ये उतरणारे मुख्य रस्तेही इथूनच जातात. काठ अडवला की खालचे शहर कोंडते. १७८१ मध्ये आयमारा या इथल्या मूळनिवासी समाजाचा बंडखोर नेता तुपाक कातारी याने स्पॅनिश राजवटीविरुद्ध हेच केले आणि आयमारा लोकांनी ती आठवण जपली आहे.

१९५० मध्ये इथे जेमतेम ११ हजार माणसे होती. १९९२ पर्यंत ती चार लाखांवर गेली. १९५३ च्या जमीन सुधारणेत कुळांना जमीन मिळाली खरी, पण मुलांमध्ये वाटण्या होऊन तुकडे पोट भरण्याइतकेही उरले नाहीत. १९८३ च्या दुष्काळाने उरलीसुरली आशा मोडली. १९८५ मध्ये कथिलाचे भाव कोसळले, सरकारने सरकारी खाणींतून वीस हजारांहून अधिक कामगार कमी केले आणि त्यांतले बरेच जण इथे आले. येताना त्यांनी कामगार संघटनेची शिस्तही आणली.

दलाल शेतजमिनीचे भूखंड पाडून विकत. पाणी नाही, गटार नाही, कधी एकच भूखंड दोघांच्या गळ्यात. मग शेजारी ‘हुंता वेसिनाल’ म्हणजे वस्ती समिती स्थापन करत, पुढारी निवडत आणि नळ, वीज, शाळा यांसाठी नगरपालिकेत खेटे घालत. सभा-मोर्चाला हजेरी लागे, गैरहजर घराला दंड बसे. बाहेरच्याला ही सक्ती वाटते, पण गावच्या ‘आय्यू’मध्ये म्हणजे आयमारांच्या पारंपरिक गावसमाजात प्रत्येक घराने पाळीपाळीने जबाबदारी उचलायची, तीच रीत शहरात आली. १९७९ मध्ये या समित्यांचा महासंघ ‘फेहुवे’ स्थापन झाला. १९८५ मध्ये एल आल्तोला ला पाझपासून वेगळी नगरपालिका मिळाली.

सप्टेंबर २००३ मध्ये नगरपालिकेने घरांच्या नोंदीसाठी ‘माया’ आणि ‘पाया’ (आयमारात एक आणि दोन) हे अर्ज आणले. घरपट्टी वाढेल या धास्तीने वस्त्या बंद झाल्या आणि अर्ज मागे घ्यावे लागले. ८ ऑक्टोबरपासून चिलीमार्गे गॅस निर्यातीविरुद्ध बेमुदत बंद सुरू झाला. दगड रचून, रस्त्यात चर खणून वाटा अडवल्या. पहाऱ्याच्या पाळ्या गल्लीगल्लीने वाटून घेतल्या. ला पाझमध्ये इंधन संपत आले, तेव्हा एल आल्तोतल्या सेन्काता इथल्या इंधनसाठ्यातून टँकर बाहेर काढायला लष्कर उतरले आणि गोळीबार झाला. त्या ऑक्टोबरात साठहून अधिक माणसे मारली गेली. १७ तारखेला राष्ट्राध्यक्ष गोन्सालो सांचेस दे लोसादा राजीनामा देऊन देशाबाहेर गेले.

जानेवारी २००५ मध्ये पाळी आली पाणीपुरवठ्याच्या खासगी कंपनीची. पाणी आणि गटार जोडणीचे शुल्क सुमारे ४४५ डॉलर, म्हणजे इथल्या कुटुंबाची कित्येक महिन्यांची कमाई. तीन दिवसांच्या बंदनंतर सरकारने करार संपवण्याचा निर्णय जाहीर केला. पुढच्या जानेवारीत एव्हो मोरालेस सत्तेवर आले आणि फेहुवेचे नेते आबेल मामानी नव्या जलखात्याचे मंत्री झाले.