ऑइल लीकेजच्या कामात "बाजूचं सील पण बदलू का?" असं आम्ही का विचारतो

गाडीखाली तेलाचा डाग दिसला म्हणून तुम्ही गाडी आणता, आम्ही वर घेऊन बघतो, सांगतो की अमुक सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग) गेलंय, तुम्ही म्हणता ठीक आहे तेवढं बदला. आणि मग आम्ही विचारतो की त्याच्या बाजूचं पण बदलून टाकू का, आणि तिथे गाडी अडते. "ते तर गळत नाहीये ना, मग कशाला?" हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक लीकेजच्या कामाला येतो. काहीजण बोलून दाखवत नाहीत पण बिल वाढवायला बघतायत असं मनात येतंच, आणि येणं साहजिक आहे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

सीलच्या किमतीकडे बघून ठरवू नका, तिथपर्यंत पोचायला काय काय उघडावं लागतं ते बघून ठरवा. क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टचं, मागचं सील घ्या. ते बसतं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. ते बदलायचं म्हणजे ॲक्सल काढा, गिअरबॉक्स खाली घ्या, क्लच काढा, फ्लायव्हील काढा, तेव्हा कुठे ते सील समोर दिसतं. जुनं काढून नवीन बसवायला फार तर अर्धा तास, पण तिथपर्यंत जाऊन सगळं परत जोडायला गाडीप्रमाणे चार तासांपासून पूर्ण दिवसापर्यंत लागतो. म्हणजे बिलात मोठा आकडा असतो तो मजुरीचा. तीच मजुरी भरलेली असताना त्याच वाटेवर उघडं पडलेलं दुसरं सील बदललं तर खर्च फक्त त्या पार्टचा, आणि तेच चार महिन्यांनी गळायला लागलं तर सगळी मजुरी पुन्हा पहिल्यापासून.

आता गळत नसलेलं सील गळेलच असं कशावरून? खात्रीने कोणीच सांगू शकत नाही, आम्हीही नाही. पण सील म्हणजे रबराची एक बारीक कड असते, फिरणाऱ्या शाफ्टला टेकून बसलेली, बऱ्याच सीलमध्ये मागून एक छोटी गोल स्प्रिंग तिला दाबून धरते. इंजिनच्या उष्णतेने ते रबर वर्षानुवर्षं भाजत राहतं, कडक होतं, मग शाफ्टबरोबर लवत नाही आणि तेल बाहेर यायला लागतं. त्याच इंजिनवर, तेवढीच वर्षं, जवळपास तेवढीच उष्णता खाल्लेलं शेजारचं सील फार मागे नसतं. जुनं सील हातात घेऊन दाबून बघा म्हणजे पटेल, नवीन रबर बोटाने वाकतं, जुनं प्लास्टिकसारखं टणक लागतं. आम्ही काढलेली सीलं फेकत नाही, पिशवीत घालून गाडीत ठेवतो, ती यासाठीच.

मागच्या बाजूचं काम असेल, म्हणजे गिअरबॉक्स खाली आलेला असेल, तर आम्ही क्रँकच्या मागच्या सीलबरोबर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या) सील बदला असं सांगतो, गाडी ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचं (तिथे क्लचच्या जागी असतो) सील. क्लच प्लेट किती झिजलीये ते आम्ही मोजून दाखवतो, आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) हाताने फिरवून जरा जरी घरघरलं तर ते परत बसवू नका असं स्पष्ट सांगतो. तेल क्लच प्लेटवर गेलेलं असेल तर प्लेट धुवून बसवा असा आग्रह बरेचजण धरतात, पण फेसिंगमध्ये, म्हणजे प्लेटच्या घर्षणाच्या अस्तरात, मुरलेलं तेल धुवून जात नाही, गरम झालं की परत वर येतं आणि क्लच घसरतो.

पुढच्या बाजूला टायमिंग बेल्टची गाडी असेल तर तिथे आम्ही जरा जास्तच आग्रही असतो. हा बेल्ट क्रँकवरून कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) फिरवतो, आणि त्याच्या मागे क्रँकचं पुढचं सील आणि कॅमशाफ्टचं सील असतं आणि बऱ्याच इंजिनांना वॉटर पंपही तिथेच. सील गळलं की तेल बेल्टवर, बेल्टचं रबर फुगतं, दात सुटतात, आणि बेल्ट निसटला तर बऱ्याच इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. म्हणून बेल्ट बदलायला आलात तर सीलं सुकी असली तरी बदला असं सांगतो, आणि सीलसाठी आलात तर आधी बेल्ट किती किलोमीटर झालाय ते विचारतो. तेल लागलेला बेल्ट पुसून परत बसवून द्या म्हणालात तर आम्ही ते काम घेत नाही. यावर वाद झालेत, तरीही घेत नाही.

वरचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, त्या मानाने सोपं. एकदा उघडलं की पॅकिंग नवीनच टाकायचं, चपटं झालेलं जुनं रबर परत तसंच बसत नाही. ज्या इंजिनांना स्पार्क प्लग कव्हरच्या मधून खाली जातात त्यांना प्लगच्या नळीची सीलं पण सोबतच, नाहीतर प्लगच्या खड्ड्यात तेल साचतं आणि इंजिन मिसिंग मारायला लागतं.

आता दुसरी बाजू पण सांगतो, कारण "सगळंच बदला" हे पण आम्हाला पटत नाही. जे सील त्या वाटेवर येत नाही आणि कोरडं आहे त्याला आम्ही हात लावत नाही. मागचं सील करताना चेंबरचं (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचं) पॅकिंग पण करून टाका असं काही ग्राहक स्वतःहून म्हणतात, पण बऱ्याच गाड्यांना चेंबर काढायला खालची सबफ्रेम सैल करावी लागते, म्हणजे ते वेगळंच काम झालं, आणि कंपनीतून बसून आलेला कोरडा जोड विनाकारण उघडू नये असं आमचं मत आहे. तसंच नुसती ओल आणि गळती यात फरक आहे. जोडावर धूळ चिकटून काळपट ओल दिसतेय, पण खाली थेंब पडत नाही आणि दांडीवर तेलाची पातळी पुढच्या सर्व्हिसपर्यंत टिकतेय, तर पुसून ठेवा आणि लक्ष ठेवा, आत्ता खर्च करू नका. मात्र तेल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडत असेल, जळका वास येत असेल, तर ओल थोडी असली तरी थांबू नका, त्याने आग लागू शकते.

आता सगळ्यात जास्त वेळ कशाने जातो ते. "आधी उघडा, मग बघू" असं सांगून ग्राहक निघून जातो. आम्ही गिअरबॉक्स खाली घेतो, इनपुट शाफ्टचं सील कडक झालेलं दिसतं, फोटो पाठवतो, फोन करतो, फोन लागत नाही किंवा "घरी विचारून सांगतो". गाडी लिफ्टवर उघडी, हलवता येत नाही, पार्ट मागवला नाही म्हणून आलेला नाही, मागच्या सगळ्या गाड्या थांबलेल्या. एका गाडीला असाच अडीच दिवस गेला, शेवटी नको म्हणाले, आम्ही जोडून दिली, आणि दोन महिन्यांनी परत त्याच जागी थेंब. ते आले तेव्हा म्हणाले तुमचंच काम फेल गेलं. वास घेऊन दाखवला, इंजिन ऑइल नव्हतं, गिअर ऑइल होतं, त्याचा उग्र गंधकासारखा वास लपत नाही, म्हणजे आम्ही बसवलेलं सील कोरडंच होतं आणि नको म्हटलेलं गळत होतं. त्यांना पटलं, पण मजुरी परत भरावी लागली आणि त्यांचा गेलेला वेळ काही आम्ही परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून आम्ही गाडी उघडायच्या आधीच कागदावर लिहून विचारतो: हे नक्की बदलायचं, हे उघडल्यावर कडक दिसलं तर बदलायचं, हे कोरडं असलं तर सोडायचं. तीन ओळी असतात, पण त्यावर सही झाल्याशिवाय आम्ही पाना लावत नाही. पार्ट पण आधीच आणून ठेवतो, वापरला नाही तर त्याचे पैसे घेत नाही.

आणखी एक विनंती, गाडी आणायच्या आधी इंजिन धुवून आणू नका. गळतीची खूण तेलाच्या ओघळावरून कळते आणि तेल वाऱ्याने मागे, वजनाने खाली जातं, त्यामुळे टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून किंवा ऑइल प्रेशर स्विचमधून आलेलं तेल बेल हाउसिंगवरून (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या आवरणावरून) ओघळून थेट मागचं सील गेल्यासारखं दिसतं. म्हणून आम्ही नेहमी वरून खाली बघत येतो. शंका राहिली तर तेलात रंग घालून थोडी चालवून निळ्या दिव्याखाली बघतो, एक दिवस जास्त जातो पण न लागणारा गिअरबॉक्स उतरवण्यापेक्षा बरं. लीकेज थांबवायचं औषध तेलात घातलं असेल तर तेही सांगा, त्याने रबर फुगून काही दिवस गळती दबते आणि आमचा अंदाज चुकतो.

ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट, आम्ही प्रत्येक लीकेजच्या गाडीला तपासतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ब्रीदरचा व्हॉल्व्ह तुंबला की इंजिनच्या आत दाब वाढतो आणि तो दाब कुठल्याही सीलमधून तेल बाहेर ढकलतो, मग नवीन सील पण टिकत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजून दाब येत असेल तर मात्र सीलने भागणार नाही, तसं असलं तर काम घ्यायच्या आधीच सांगू.

गाडी त्याच संध्याकाळी मागू नका एवढं ऐका. सिलिकॉन लावलेला जोड पूर्ण सुकायला साधारण 24 तास लागतात, आणि काही नवीन प्रकारची सीलं तेल न लावता कोरडी बसवून, इंजिन सुरू करायच्या आधी काही तास तशीच ठेवावी लागतात. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडला असेल, नखाला लागतो तो, तर आम्ही नवीन सील किंचित पुढे-मागे बसवतो किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतो, त्यालाही वेळ लागतो.

काम झाल्यावर 500 किलोमीटरनंतर गाडी एकदा दाखवून जा, खालून बघायचे पैसे घेत नाही. आणि येण्याच्या आदल्या रात्री गाडीखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा, इंजिनची पुढची बाजू कुठली ते पेनाने लिहा, डाग कितीही छोटा असला तरी तो पुठ्ठा सोबत घेऊन या.