पांढरा फॉस्फरस रासायनिक अस्त्र ठरतो का?

नोव्हेंबर 2004 मध्ये इराकमधल्या फलुजा शहरात अमेरिकी सैन्याने पांढऱ्या फॉस्फरसचे, म्हणजे हवा लागताच पेटणाऱ्या पदार्थाचे, गोळे डागले. खंदकात दडलेल्या शत्रूला हुसकावून बाहेर काढण्यासाठीही ते वापरले, हे पेंटागॉनने वर्षभराने कबूल केले आणि ‘हे रासायनिक अस्त्रच’ असा गदारोळ उठला.

तोफेच्या 155 मिलिमीटरच्या एम825ए1 या अमेरिकी गोळ्यात फॉस्फरसात भिजवलेले फेल्टचे (नमद्यासारख्या जाड कापडाचे) 116 तुकडे असतात. गोळा हवेत फुटला की ते जळत खाली येतात. ज्वलनातून तयार होणारे ऑक्साइड हवेतले बाष्प शोषून घेते, त्यातून दाट पांढरा धूर होतो. फॉस्फरसचा कण कातडीत रुतला की हवा मिळेपर्यंत निपचित राहतो. ड्रेसिंग कोरडे पडले किंवा काढले की तो पुन्हा पेटतो, म्हणून जखम सतत ओली ठेवावी लागते. तेलकट मलम लावायचे नाही, कारण फॉस्फरस चरबीत विरघळून शरीरात भिनतो आणि यकृत, मूत्रपिंडे व हृदयाला इजा करतो.

म्हणजे विषारी तर आहेच. तरीही 1997 पासून लागू असलेला रासायनिक अस्त्रबंदी करार पदार्थाचे नाव नव्हे, वापरामागचा हेतू पाहतो. पाणी शुद्ध करणारा क्लोरीन कराराच्या परिशिष्टांत नाही, पण सिरियात लोकवस्तीवर टाकला तेव्हा तो रासायनिक अस्त्रच ठरला. अश्रुधूर दंगलीत पोलिसांना चालतो, युद्धात मात्र बंदी आहे. त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे: समोरून येणारा ढग कोणत्या वायूचा, हे सैनिकाला कळत नाही आणि उत्तर म्हणून खरे विष सुटू शकते.

या कसोटीवर फॉस्फरसचा धुराचा पडदा चालतो, आग चालते, पण विषारी किंवा रासायनिकरीत्या कातडी खाणाऱ्या गुणधर्माचाच मारा चालत नाही. फलुजातले लोक ज्वाळांना भिऊन बाहेर पडले की धुराने गुदमरून, यावरच वाद अडतो आणि बाहेरून ते सिद्ध करणे फार अवघड.

आमच्या मते खरी पळवाट दुसरीकडे आहे. काही पारंपरिक शस्त्रांवर बंधने घालणाऱ्या 1980 च्या कराराचा आगलाव्या शस्त्रांवरचा तिसरा प्रोटोकॉल (जोडकरार) फक्त ‘मुख्यतः’ आग लावण्यासाठी बनवलेल्या शस्त्रांना लागू होतो, धुराचे गोळे त्यातून सुटतात. शिवाय नागरी वस्तीवर विमानातून आगलाव्या शस्त्रांचा मारा करायला सरसकट मनाई आहे, तोफेतून करायला मात्र नियम सैल. तो ‘मुख्यतः’ शब्द काढून शस्त्राचा प्रत्यक्ष परिणाम पाहिला, तर फॉस्फरसला रासायनिक अस्त्र ठरवण्याची गरजच उरत नाही.