किती लिहायचे, किती सोडायचे: पाश्चात्त्य अभिजात संगीतशैलींची पार्श्वभूमी

सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर याने लिहून ठेवले आहे की, स्वर माणसाच्या स्मरणात राहिले नाहीत तर ते नाहीसे होतात, कारण ते लिहिता येत नाहीत. पुढच्या हजारएक वर्षांत युरोपने हेच न होणारे काम करून दाखवले, आणि तिथल्या संगीतशैली एकामागून एक का बदलत गेल्या याचा सर्वांत खात्रीचा धागा मला त्या खटाटोपातच दिसतो. मध्ययुगीन, रेनेसाँ, बरोक, क्लासिकल, रोमँटिक ही नावे बहुतेक नंतरच्या पिढ्यांनी दिलेली आहेत. ‘बरोक’ हा शब्द तर ओबडधोबड मोत्याच्या पोर्तुगीज नावावरून आला असे मानतात, आणि संगीताच्या संदर्भात आरंभी तो दूषण म्हणूनच वापरला जाई. या नावांच्या आत शिरायचे असेल, तर त्या त्या काळी कागदावर काय उतरत होते आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यावर काय सोपवले जात होते, हे पाहावे लागते.

नवव्या शतकापासून मठांतील हस्तलिखितांत प्रार्थनेच्या शब्दांवर बारीक रेघोट्या दिसू लागतात. स्वर चढतो की उतरतो एवढेच त्या सांगत. चाल आधीच पाठ असलेल्यालाच त्यांचा उपयोग होता. इटलीतील आरेत्सोच्या ग्विदो या भिक्षूने १०२५ च्या सुमारास रेघांवर आणि रेघांमधल्या जागांवर स्वर बसवण्याची पद्धत पक्की केली. शिवाय, संत योहानाच्या एका स्तोत्राच्या पहिल्या सहा ओळींपैकी प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वरून सुरू होते हे हेरून त्याने त्या ओळींची आद्याक्षरे स्वरांना दिली: उत, रे, मी, फा, सोल, ला. पूर्वी ज्या शिक्षणाला दहा वर्षे लागत, ते आता एक-दोन वर्षांत होते, असा त्याचा दावा होता. पोर्तुगीज राजवटीत हीच अक्षरे गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांत पोहोचली, आणि तिथे नोटेशन वाचायला शिकलेल्या घराण्यांतले वादक विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे आधारस्तंभ ठरले. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी तिथल्या वाद्यवृंदांचे काम कागदावर मांडले.

स्वराची जागा ठरली, तरी काळाची ठरली नव्हती. एकट्याने किंवा सर्वांनी एकसुरात गायचे असेल तोवर तिच्यावाचून फारसे अडत नाही. पण दोन, तीन, चार आवाज वेगवेगळ्या चाली एकाच वेळी गाणार असतील, तर कोणी किती थांबायचे आणि कुठे भेटायचे हे आधी ठरावे लागते. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलच्या परिसरात बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात लेओनँ आणि पेरोतँ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनांत दीर्घ-ऱ्हस्व स्वरांचे ठरीव साचे आले. १२८० च्या सुमारास कोलोनच्या फ्रांकोने चिन्हाच्या आकारावरूनच त्याचा काळ कळेल अशी व्यवस्था सांगितली. अनेक आवाजांची गुंफण, म्हणजे पॉलिफनी, ही युरोपची खास ओळख या लेखनामुळेच इतकी गहन होऊ शकली, असे मला वाटते. १५०१ साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्हिआनो पेत्रुच्ची याने अशा रचना छापल्या. त्यानंतर जोस्कँ किंवा पालेस्त्रीना या रेनेसाँ काळातल्या रचनाकारांची शैली दूरदूरच्या गायकांना पाहून गिरवता येऊ लागली.

यानंतर लेखन अधिकाधिक काटेकोर होत गेले असेल असे वाटते, पण बरोक काळ वेगळे सांगतो. माँतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा १६०७ साली मान्तुआत सादर झाला. त्याच्या १६०९ च्या छापील प्रतीत नायकाचे एक गीत दोन ओळींत दिलेले आहे: एका ओळीत साधे स्वर, दुसऱ्या ओळीत त्याच स्वरांचा तानांनी भरलेला विस्तार, आणि दोहोंपैकी एकच गावे अशी सूचना. म्हणजे साधी ओळ हाती घेऊन तिला स्वतः सजवणे हे गायकाचे कामच समजले जात होते. बंदिशीच्या दोन ओळींवर ख्याल उभा राहताना ऐकलेल्या कानांना यात नवल वाटू नये. साथीचेही तसेच. खर्जाच्या ओळीखाली ६, ७, ४ असे बारीक आकडे असत. ते पाहून हार्पसिकॉर्ड (पियानोपूर्वीचे एक पट्ट्यांचे तंतुवाद्य) किंवा ऑर्गन वाजवणारा उजव्या हाताने स्वरसमूह तिथल्या तिथे भरत जाई, आणि चांगल्या वादकाची भरणी दुसऱ्या दिवशी वेगळी असे. या पार्श्वभूमीवर १७३७ साली योहान आडोल्फ शाइबे या समीक्षकाने योहान सेबास्टियान बाखवर केलेली टीका समजते. प्रत्येक बारीकसारीक अलंकार बाख स्वरांतच लिहून टाकतो, अशी त्याची तक्रार होती. वादकाच्या हक्काची जागा रचनाकार बळकावतो आहे, हे त्याला खटकले, आणि पुढे घडलेही तेच.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दरबाराबरोबरच तिकीट काढून ऐकणारे श्रोते आणि घरोघरी वाजवण्यासाठी स्वरलिपी विकत घेणारे हौशी ग्राहक आले. छापील वही अनोळखी हातांत जाणार, तर ती स्वतःच बोलली पाहिजे. आकड्यांची साथ मागे पडली, वाद्यांचे भाग पुरते लिहिले जाऊ लागले आणि हायड्न व मोत्सार्ट यांची स्पष्ट, समतोल वाक्यरचनेची शैली या नव्या श्रोत्यांना रुचली. तरी मोत्सार्टने १७८८ साली पूर्ण केलेल्या एका पियानो कॉन्चेर्तोच्या (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेच्या) हस्तलिखितात डाव्या हाताचा भाग अनेक ठिकाणी कोराच आहे. वाजवणारा तो स्वतःच होता, त्याला लिहायची गरज नव्हती. बेटोफनची गोष्ट निराळी झाली. १८०९ साली पाचवा कॉन्चेर्तो रचताना त्याचे ऐकणे फार कमी झाले होते. एकल वादकाने उत्स्फूर्त काडेन्झा, म्हणजे वाद्यवृंद थांबलेला असताना एकट्याने करायचा विस्तार, वाजवायची त्या हमखास ठिकाणी त्याने बजावले, की इथे काडेन्झा करू नये, थेट पुढे जावे. १८१७ साली त्याने आपल्या आठ सिंफनींसाठी मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजून देणाऱ्या यंत्राचे, आकडेही प्रसिद्ध केले. म्हणजे लयही आता वादकाच्या हाती उरली नाही.

एकोणिसाव्या शतकात रचनाकाराची ही सत्ता वाढतच गेली. १८२९ साली मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा सादर केले, आणि हयात नसलेल्या रचनाकारांच्या लिखित कृती मैफलीत आदराने ऐकण्याचा प्रघात रुजू लागला. व्हॉल्व्ह बसवलेले हॉर्न, लोखंडी चौकटीचा पियानो आणि वाढता वाद्यवृंद यांनी बेर्लिओझ, वाग्नर, माहलर यांना अफाट रंग दिले. माहलरच्या वह्यांत स्वरांइतक्याच सूचना आढळतात.

विसाव्या शतकात हा मार्ग टोकाला गेला. १९४९ साली मेस्यां या फ्रेंच रचनाकाराने एका पियानोरचनेत ३६ स्वर घेतले आणि प्रत्येकाची लांबी, आघात व जोर कायमचा ठरवून टाकला. तीनच वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकमध्ये डेव्हिड ट्यूडर पियानोपाशी बसला आणि त्याने साडेचार मिनिटांहून थोडा अधिक वेळ एकही स्वर वाजवला नाही. जॉन केजच्या त्या रचनेच्या तिन्ही भागांत वादकाला गप्प राहण्याचीच सूचना होती. दरम्यान स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये १९३३ साली स्थापन झालेल्या स्कोला कांतोरुम या संस्थेत प्राचीन संगीताचा जुन्या रीतीने अभ्यास सुरू झाला होता, आणि तिथले विद्यार्थी आजही खर्जाखालचे ते बारीक आकडे पाहून उजव्या हाताने स्वर भरायला शिकतात.